ड्रॅगन एज: ओरिजिन्स की ड्रॅगन एज २? चाहते का रागावले आणि तुम्ही कुठला गेम निवडावा

ड्रॅगन एज ही व्हिडिओ गेमची मालिका नव्याने खेळायला घेणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो: ओरिजिन्स खेळ, दुसरा भाग सोडून दे. सल्ला देणारा मनापासूनच बोलत असतो. ओरिजिन्सच्या प्रेमापोटी ज्यांनी २०११ साली सिक्वेल बाजारात येताच घेतला, त्यांचा हिरमोड अगदी खरा होता. पण त्या नाराजीत दोन वेगळ्या तक्रारींची सरमिसळ झालेली आहे. काही बदल बायोवेअर या निर्मात्या कंपनीने विचारपूर्वक केले होते, तर काही गोष्टी हातात वेळच नव्हता म्हणून तशा राहून गेल्या. घाईच्या खुणा जवळपास सगळ्यांनाच खटकतात. मुद्दाम केलेले बदल मात्र काहींना खटकतात, तर काहींना त्यामुळेच दुसरा भाग पहिल्याहून जवळचा वाटतो. तुम्ही यातले कोण, हे कळलं की निवड सोपी होते.

माझं मत आधीच सांगते. गेम म्हणून ओरिजिन्स सरस आहे. पण त्यातली आणि दुसऱ्या भागातली माणसं शेजारी उभी केली, तर मला दुसऱ्या भागातली जास्त आठवतात. खाली दोन्ही कथांच्या सुरुवातीबद्दल आणि मांडणीबद्दल बोलले आहे, मोठी रहस्यं फोडलेली नाहीत.

दोन्ही गेम कसे तयार झाले, ते आधी बघू. ओरिजिन्सची घोषणा २००४ साली झाली आणि तो नोव्हेंबर २००९ मध्ये आला. मार्च २०१० मध्ये त्याचं मोठं एक्स्पान्शन (पुरवणी भाग) अवेकनिंग आलं, आणि मार्च २०११ मध्ये ड्रॅगन एज २ दुकानात हजर. म्हणजे पहिल्या भागावर वर्षानुवर्षं काम झालं आणि दुसरा दीड वर्षाच्या आत उभा केला गेला. इतक्या मोठ्या रोल-प्लेइंग गेमसाठी हा वेळ फारच तोकडा. पुढच्या अनेक तक्रारींचं मूळ इथे आहे.

नायक तुमचा की त्यांचा

ओरिजिन्सच्या नावातच त्याची खासियत आहे. सुरुवातीला सहा वेगवेगळ्या जन्मकथांमधून एक निवडायची असते: मानवी सरदार घराणं, जादूगारांच्या सर्कलमधला शिकाऊ, शहरातल्या वस्तीत वाढलेला एल्फ, जंगलात राहणारा डेलिश एल्फ, बुटक्यांच्या राजघराण्यातला वारस किंवा त्याच बुटक्यांच्या समाजात जातीबाहेर टाकलेला माणूस. प्रत्येकाची सुरुवातीची कथा वेगळी, शेवटी तुम्ही ग्रे वॉर्डन, म्हणजे डार्कस्पॉन नावाच्या राक्षसी टोळ्यांशी लढणारे योद्धे, होता आणि तिथून मुख्य कथा एकच. वरवर पाहता ही फक्त प्रस्तावना वाटते. खरी गंमत पुढे येते. जातीबाहेरचा बुटका म्हणून सुरू केलेला खेळ अनेक तासांनी ऑर्झामारला, बुटक्यांच्या शहरात, परत जातो, तेव्हा ज्या शहरात चेहऱ्यावरची खूण बघून लोक तोंड फिरवायचे, तिथल्याच सरदारांना आता तुमचा पाठिंबा हवा असतो. त्यांच्या बोलण्यातला अवघडलेपणा गेम विसरत नाही. हीच भेट मानवी सरदार म्हणून खेळली, तर ते निव्वळ एक राजकीय मिशन असतं.

दुसऱ्या भागात हे सगळं गेलं. नायकाचं आडनाव हॉक, तो माणूसच असणार. स्त्री की पुरुष आणि योद्धा, चोर की जादूगार एवढं तुमच्या हातात. एल्फ म्हणून खेळायचं होतं त्यांना घोषणा झाली तेव्हाच धक्का बसला होता. त्यात नायकाला आवाज दिला आणि संवादांच्या पूर्ण यादीऐवजी चक्र आलं, ज्यावर दोन-तीन शब्दांत आशय आणि बाजूला भाव सांगणारं चिन्ह असतं. निवडलेले दोन शब्द आणि हॉक प्रत्यक्ष जे बोलतो ते यांत कधीकधी चांगलीच तफावत असते. पहिल्या भागात जो शब्द वाचला तोच आपल्या मनात आपल्या आवाजात उमटायचा. तो मान ज्यांना प्रिय होता, त्यांना हे फार लागलं.

तरी या बदलामागे एक बारीक कारागिरी आहे आणि तिला पुरेसं श्रेय मिळालं नाही. संवादांत तुम्ही सामोपचाराचं बोलता, चेष्टा करता की धारदार बोलता, याची गेम नोंद ठेवतो. जो सूर जास्त वेळा लावाल तो हॉकचा स्वभाव होतो, आणि मग तुम्ही काहीच न निवडता आपोआप येणारी वाक्यंसुद्धा त्याच सुरात येतात. चेष्टेखोर हॉक घरावर संकट आल्यावर गप्प होतो, तेव्हा तो फरक कानाला जाणवतो. पाटी कोरी मिळाली नाही, पण माणूस घडताना दिसला.

लढाई: इथे राग सर्वात रास्त होता

ओरिजिन्सची लढाई संथ आहे. योद्धे पाय घासत जागा घेतात, तलवार उगारायला वेळ लागतो, आणि लढाई मध्येच थांबवून चौघांनाही वेगवेगळे हुकूम द्यायचे असतात. पीसीवर कॅमेरा वर नेला की सगळं मैदान पटासारखं खाली दिसतं. कन्सोलवर हा वरचा कॅमेरा नव्हता, त्यामुळे कन्सोलवाल्यांना पुढच्या बदलाचा तितकासा त्रास झाला नाही. पीसीवाले मात्र भडकले.

एक उदाहरण घेऊ. समोरच्या दालनात आठ-दहा डार्कस्पॉन आहेत. ओरिजिन्समध्ये तुम्ही दारापाशीच थांबता. अलिस्टर या साथीदार योद्ध्याला ढाल घेऊन चौकटीत उभं करता, म्हणजे एका वेळी दोघांपेक्षा जास्त शत्रू आत येऊ शकत नाहीत. मागे विन ही जादूगारीण जखमा भरायला, तिच्या शेजारी दुसरी जादूगारीण मॉरिगन. मग दाराबाहेर जमलेल्या गर्दीवर आगीचा गोळा सोडायचा, पण बेताने, कारण सोप्या पातळीवर नसाल तर तो आपल्या माणसांनाही भाजतो. वर्तुळ हातभर पुढे सरकलं तर अलिस्टर वाचतो, मागे राहिलं तर ढालीसकट जळतो. हे जमलं की मिळणारं समाधान गेमच्या अवघडपणातूनच येतं.

आता हीच रचना ड्रॅगन एज २ मध्ये करून बघा. दारात ढालवाली योद्धा अ‍ॅव्हलीन, मागे जादूगार, सगळं चोख. समोरची टोळी संपत येते आणि अचानक दुसरी टोळी जादूगाराच्या पाठीमागे अवतरते, अनेकदा छतावरून थेट उडी मारून. तीही संपली की तिसरी. दार अडवण्याला अर्थ उरत नाही, कारण शत्रू कुठून येणार हे ठरलेलंच नाही. लढाईचा वेग वाढला म्हणून चाहते चिडले असं नंतर बरंच बोललं गेलं. मला ते निदान अर्धवट वाटतं. वेग चालला असता. केलेला बेत फुकट जातो, हे खरं दुखणं होतं. त्यातच वरचा कॅमेरा काढून टाकला आणि आपल्याच माणसांना भाजणारी आग फक्त नाइटमेअर या सर्वात कठीण पातळीपुरती ठेवली. बाकी पातळ्यांवर जादूगाराने डोळे मिटून मारा केला तरी बिघडत नाही.

आता दुसरी बाजू. हातात नियंत्रण घेऊन एकाच पात्राने लढायला ज्यांना आवडतं, त्यांच्यासाठी दुसरा भाग कितीतरी जिवंत आहे. चोर शत्रूच्या मागे झेप घेतो, जादूगार काठी फिरवत नाचल्यासारखा लढतो. तिन्ही वर्गांच्या कौशल्यांची एकमेकांशी जोड हा तर निखळ सुधारलेला भाग: जादूगाराच्या थंडीच्या मंत्राने शत्रू ठिसूळ झाला की योद्ध्याचा ठरावीक घाव त्याच्यावर कितीतरी पटींनी बसतो. साथीदारांनी कुठल्या परिस्थितीत काय करायचं, याचे ‘असं झालं तर हे कर’ धाटणीचे नियम दोन्ही गेममध्ये लावता येतात, आणि दुसऱ्या भागात या जोड्या त्या नियमांत बसवायला फार मजा येते. नियम लावून दूर बसून बघणाऱ्या खेळाडूचं मन तिथे रमेल.

तीच गुहा

ड्रॅगन एज २ बद्दल एकच वाक्य ऐकलं असेल तर ते गुहेबद्दलचं असणार. तक्रार अतिशयोक्त नाही. शहराबाहेर एक गुहा आहे. पुढच्या क्वेस्टमध्ये (मोहिमेत) दुसऱ्या डोंगरातली गुहा म्हणून तीच येते, फक्त आत शिरायचं तोंड वेगळं आणि एखादा रस्ता दगडी दाराने बंद. सर्वात वाईट म्हणजे कोपऱ्यातला छोटा मॅप बंद केलेले भागही दाखवत राहतो. समोर भिंत, आणि मॅपवर भिंतीपलीकडचं दालन. तुम्ही वाट शोधता आणि वाट नसते. गोदामांचं, हवेल्यांचं, गटारांचंही तसंच. ही कुठलीही कलात्मक निवड नव्हती, नवे नकाशे बनवायला वेळ नव्हता एवढंच.

एकाच शहरात कथा ठेवण्याचा निर्णय मात्र मला आजही धाडसी वाटतो. ओरिजिन्समध्ये फेरेल्डन देशभर फिरणं आहे: बर्फातलं गाव, जमिनीखालचं राज्य, शापित जंगल, जादूगारांचा मनोरा. दुसऱ्या भागात किर्कवॉल, एकेकाळी गुलामांच्या व्यापारावर पोसलेलं शहर, आणि तिथे निर्वासित म्हणून आलेलं एक कुटुंब. तीन अंकांत मिळून साधारण सात वर्षांचा काळ जातो. कल्पना सुंदर आहे, अंमलबजावणीत ती मार खाते. मध्ये तीन-तीन वर्षं उलटूनही बाजारात तेच लोक त्याच जागी उभे असतात. शहर म्हातारं व्हायला हवं होतं, तसं ते होत नाही.

छोट्या क्वेस्टमध्येही हीच काटकसर आहे. रस्त्यात कुणाची तरी हरवलेली वस्तू सापडते, नाव वाचून त्या अनोळखी माणसाला नेऊन द्यायची, तो एका वाक्यात आभार मानतो आणि पैसे देतो. संपलं. याच्याशेजारी ओरिजिन्समधलं रेडक्लिफ ठेवा. रात्री गावावर प्रेतं चालून येणार आहेत. तुम्ही लोहाराला कामाला लावता, घाबरलेल्यांना उभं करता आणि सूर्यास्ताची वाट बघता. किंवा पाठ फिरवून निघून जाता, आणि मग ते गाव उरत नाही.

साथीदार

इथे तुलना खरी चुरशीची होते. ओरिजिन्सचे साथीदार पटकन आवडतात: विनोदाआड भीती लपवणारा अलिस्टर, टोचून बोलणारी मॉरिगन, कमी बोलणारा स्टेन. रात्री तळावर एकेकाशी बोलत बसणं हा त्या गेममधला माझा सर्वात आवडता वेळ. पण त्यांचं मन मोजण्याची पद्धत सरळसोट होती. प्रत्येकाची मर्जी एका आकड्यात, आणि तो आकडा भेटवस्तू देऊन वाढवता यायचा. एखाद्याच्या तत्त्वांना पायदळी तुडवावं आणि नंतर आवडीच्या चार वस्तू देऊन मनवावं, हे चालून जायचं.

दुसऱ्या भागाने यात जो बदल केला, तो मला संपूर्ण मालिकेतला सर्वात हुशार वाटतो. मर्जी आणि नाराजी यांऐवजी मैत्री आणि प्रतिस्पर्धा अशी दोन टोकं ठेवली आणि दोन्ही टोकांना किंमत दिली. मेरिल निषिद्ध जादूच्या नादी लागलेली एल्फ आहे. तिला पाठिंबा दिलात तर ती मैत्रीण होते. सतत विरोध केलात तरी ती निघून जात नाही. नातं ताणलेलं, पण आदराचं होतं, तिच्या क्वेस्टमधले संवाद वेगळे होतात आणि त्या वाटेनेही प्रेमापर्यंत पोहोचता येतं. न पटणाऱ्या माणसाशीही घट्ट नातं असू शकतं, हे मान्य करणारे गेम फार थोडे. यात फसायला होतं ते मधल्या जागेत. कधी हो, कधी नाही करत राहिलात तर नातं कुठेच पोहोचत नाही.

शिवाय इथले साथीदार तळावर तुमची वाट बघत बसलेले नसतात. प्रत्येकाचं शहरात स्वतःचं घर आहे, उद्योग आहे, एकमेकांकडे जाणं-येणं आहे. अ‍ॅव्हलीन शहराच्या पहारेकऱ्यांची कप्तान होते. ही धिप्पाड, शिस्तीची बाई हाताखालच्या एका पहारेकऱ्याच्या प्रेमात पडते तेव्हा तिला शब्दच सापडत नाहीत, आणि ती तांब्यात घडवलेली झेंडूची फुलं हॉकच्या हातून त्याला पाठवते. पूर्ण क्वेस्ट एवढ्यावरच आहे. जग वाचवायचं नाही, एका मैत्रिणीची जीभ मोकळी करायची. असा मोकळा श्वास ओरिजिन्सच्या कथेत घेता येत नाही, तिथे डोक्यावर सतत ब्लाइटचं, म्हणजे डार्कस्पॉनच्या हल्ल्याचं, सावट असतं.

वॅरिक या साथीदाराचंही सांगायला हवं, कारण सगळी कथा तोच सांगतो, तीही चौकशीला बसवून विचारणाऱ्या कासांड्राला. पहिल्याच प्रसंगात हॉक शत्रूंना चुटकीसरशी लोळवतो आणि कासांड्रा त्याला थांबवते: खरं सांग. मग तीच लढाई पुन्हा सुरू होते, आता जखमा होतात. कथेच्या मांडणीत इतकी मजेदार खेळी ओरिजिन्समध्ये कुठेही नाही.

चाहत्यांची एक साधी तक्रार मात्र शंभर टक्के योग्य होती: साथीदारांची चिलखतं बदलता येत नाहीत. शस्त्र, अंगठी, पट्टा बदलता येतो. वॅरिकचा क्रॉसबो तर तोही नाही. भारी चिलखत सापडतं आणि हॉकला चालणारं नसेल तर विकायचं. त्यात अनेक वस्तूंना धड नावही नाही, नुसतं ‘अंगठी’. ओरिजिन्समध्ये चौघांना सजवण्यात तासन्‌तास जायचे.

तुमच्या निर्णयांचं काय होतं

थोडक्यात, ओरिजिन्समध्ये निर्णय दिसतात. कुठल्या राजाला गादीवर बसवलं, एल्फांची बाजू घेतली की त्यांच्या शत्रूंची, सरदारांच्या लँड्समीट सभेत काय झालं, याचे पडसाद शेवटच्या लढाईत आणि नंतरच्या समारोपात उमटतात. ड्रॅगन एज २ चा दुसरा अंक अप्रतिम आहे. बंदरात अडकलेले कुनारी नावाचे परके योद्धे, त्यांचा सेनापती अरिशॉक आणि त्याची शांत, धमकावणारी वाट बघण्याची पद्धत. मालिकेतलं हे सर्वोत्तम लेखन आहे असं मी ठामपणे म्हणेन. तिसरा अंक मात्र घाईत गुंडाळलेला आहे. जादूगार की त्यांच्यावर पहारा ठेवणारे टेम्प्लर, कुठलीही बाजू घ्या, शेवटच्या लढाया जवळपास त्याच होतात. हताशपणे घटना बघणारा नायक मुद्दाम रंगवला असेल, तरी खेळाडूला आपलं काही चाललं नाही असंच वाटतं.

मग घ्यायचा कुठला

थांबून, विचार करून लढायला आवडत असेल, स्वतःचं पात्र शून्यापासून घडवायचं असेल, तर ओरिजिन्स. चाळीस-पन्नास तास सहज जातील याची तयारी ठेवा. ऑर्झामारखालचे डीप रोड्स आणि सर्कलच्या मनोऱ्यातला स्वप्नलोक हे दोन टप्पे लांबतात, तिथे कंटाळा आला तर पुढे चालत राहा. लढाया सुरुवातीला जड जात असतील तर पातळी खुशाल उतरवा. दिसायला तो आता जुना झालाय आणि पीसीवर मधूनच बंद पडतो, म्हणून सेव्ह वरचेवर करा.

वेळ कमी असेल, कथा आणि माणसं महत्त्वाची वाटत असतील, लढाईत हात चालवायला आवडत असेल, तर ड्रॅगन एज २ तुम्हाला निराश करेलच असं नाही. तो पंचवीस-तीस तासांत होतो. फक्त सगळ्या किरकोळ क्वेस्ट करण्याचा अट्टहास सोडा. साथीदारांच्या आणि मुख्य क्वेस्टवर राहिलात तर तीच गुहा निम्म्या वेळाच दिसेल.

दोन्ही खेळणार असाल तर क्रमानेच खेळा. ओरिजिन्सची सेव्ह फाइल दुसऱ्या भागात नेता येते. नसेल तर गेम तीन तयार पार्श्वभूमी देतो. मात्र मधे थोडे दिवस जाऊ द्या. ओरिजिन्स संपवून लगेच दुसऱ्यात शिरलात तर २०११ च्या चाहत्यांचीच गत होईल, प्रत्येक पावलावर काय नाही तेच दिसत राहील.

आणि २०१४ चा तिसरा भाग इन्क्विझिशन गाठायचा असेल, तर दुसरा भाग टाळू नका. इन्क्विझिशनने वरचा कॅमेरा आणि वंशाची निवड परत आणली, चाहत्यांचं ऐकलं. पण त्याची सुरुवात किर्कवॉलमध्ये पेटलेल्या भांडणातून होते, आणि वॅरिक व कासांड्रा तिथे तुमचे साथीदार असतात. त्यासाठी ड्रॅगन एज २ बरोबर लेगसी हे डीएलसी (वेगळं मिळणारं जास्तीचं प्रकरण) मिळत असेल तर जरूर घ्या. इन्क्विझिशनचा खलनायक पहिल्यांदा तिथेच भेटतो, आणि त्यातले नकाशे खास त्याच्यासाठी बनवलेले आहेत.